आठव्या हुकाचं कुलूप

रायसिंग,

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आले ती तू गेल्यावर अकराव्या दिवशी. कॉलेजपासून तू बोलावत होतास. होळीला ये, आंबे उतरायला लागले की ये, निदान लग्नाला तरी ये. दर वेळी माझ्याकडे कारण तयार असायचं. शहाद्याजवळचं आमचं गाव आणि तुझं धडगाव, मध्ये काय तो घाट तेवढा. इतक्या वर्षांत मला तो चढता आला नाही.

माणूस गेल्यावर त्याचे गुण लिहायचे असतात. तुझे मला पुष्कळ लिहिता येतील. पण आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते लिहायचा मला अधिकार नाही. त्या चाचणीच्या दिवशी तुझा हात चुकला नव्हता. माझं गणित चुकलं होतं. ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि सात वर्षं मी ते तुला सांगितलं नाही.

आता सगळं नीट, क्रमाने सांगते. तुला त्यातलं बरंचसं माहीत आहे. जे माहीत नव्हतं, त्यासाठी लिहिते आहे.

तू आमच्या वर्गात दुसऱ्या वर्षाला आलास. आधी आयटीआय, मग डिप्लोमा, म्हणून आमच्याहून दोन वर्षांनी मोठा. घरी तू पावरी बोलायचास, मी अहिराणी. पुस्तकातली मराठी आपण दोघांनीही शाळेतच शिकलेली. नंदुरबारच्या वसतिगृहात राहून तू अहिराणी उचलली होतीस, तीच मग आपली भाषा झाली. वर्कशॉपच्या पहिल्या प्रॅक्टिकलला माझी कानस लोखंडावर नुसती घसरत होती. तू शेजारच्या वाइसवर, लोखंड धरायच्या शिकंज्यावर, होतास. तिकडूनच म्हणालास, "पाटील, कानस दाबू नको. तिले चालू दे." मी दाबणं सोडलं आणि ती चालायला लागली. सुट्टीहून येताना तू माझ्यासाठी धडगावचा आमचूर आणायचास, कारण मेसच्या वरणाला काही चव नसते असं मी एकदा बोलून गेले होते. एकदाच बोलले होते. तू तीन वर्षं आणलास.

बंगळुरूच्या कंपनीत तू माझ्या आधी लागलास, चाचणी विभागात. जागा निघाली तेव्हा माझा अर्ज तूच साहेबांच्या टेबलावर ठेवलास. हे मी नंतर कुणाला सांगितलं नाही. माझी निवड माझ्या मार्कांवर झाली असंच सगळ्यांना वाटू दिलं.

आपलं काम होतं दरवाजाचं. जुन्या प्रवासी विमानाचं मालवाहू विमान करायचं, तर त्याच्या कुशीत एक मोठा दरवाजा कापावा लागतो, पेट्या आत जातील एवढा. तो वरच्या कडेला बिजागऱ्यांवर टांगलेला असतो आणि बाहेरच्या बाजूने वर उघडतो. खालच्या कडेला आपल्या दरवाजाला आठ हूक होते. दरवाजा बंद झाला की हूक उंबऱ्यातल्या जाड पिनांना धरतात. मग प्रत्येक हुकामागे एक कुलूप येऊन बसतं, म्हणजे हूक उलटा फिरू शकत नाही. ही आठही कुलपं एका लांब दांड्याने बाहेरच्या हॅन्डलला जोडलेली. आणि नियम एकच. आठही कुलपं बसली तरच हॅन्डल आपल्या खाचेत बसावं. एकही राहिलं असेल तर हॅन्डल अडकलं पाहिजे, कारण खाली उभ्या असलेल्या माणसाला आतलं काही दिसत नाही. त्याला दिसतं ते हॅन्डल. ते बसलं की तो अंगठा दाखवून निघून जातो. वर आकाशात आतली हवा तो दरवाजा बाहेर ढकलत असते, कित्येक टनांच्या जोराने.

त्या हॅन्डलवरून आपलं कायम भांडण. हॅन्डल किती जोराने ओढायचं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, त्यावर मी हिशेब केला होता. तू म्हणायचास, "मॅन्युअल वाचणारा ऑफिसमा बसस. हॅन्डल ओढणारा पाऊसमा उभा ऱ्हास. त्याले घरी जानं ऱ्हास. तो पाय दीसन बसाडी."

"मग काय, माणूस पाय देईल असं धरून विमान बनवायचं?"

"हो."

एवढंच. त्यापुढे तू वाद घालायचा नाहीस, चहा प्यायचास. एकदाच म्हणालास की तुझ्या बाबांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. दिवाळीनंतर ते दर वर्षी गुजरातेत ट्रक भरायला जायचे. ट्रकच्या फाळक्याचा हूक बसला असं वाटलं, पण तो बसला नव्हता. पोत्यांच्या भाराने फाळका सुटला आणि बोटं खाली सापडली. मुकादम म्हणाला, याने हूक नीट लावला नाही. तू हे सांगितलंस तेव्हा मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. बहुतेक घड्याळाकडे बघितलं.

मग ती चाचणी. हॅन्डलपासून सर्वांत लांब जो हूक, आठवा, त्याच्या कुलपाआड तू ॲल्युमिनियमचा ठोकळा अडकवलास. म्हणजे ते कुलूप बसणं शक्यच नव्हतं. आता हॅन्डल ओढलं तर ते मध्येच अडकायला हवं. दुपारी तुझा फोन आला.

"पाटील, खाले ये. हॅन्डल खोटं बोली ऱ्हायनं."

मी आले. तू माझ्यासमोर तीनदा करून दाखवलंस. जोर थोडा वाढवला की हॅन्डल सावकाश येऊन खाचेत बसत होतं, अगदी बेमालूम. पलीकडच्या टोकाला कुलूप ठोकळ्यावर तसंच उघडं. तू दांड्यावर तळहात ठेवलास आणि मला ठेवायला सांगितलंस.

"हाऊ दांडा वाकस. ब्रॅकेट बी हालस."

"नाही हालणार. मी बघितलंय," मी म्हणाले.

खरं तर हाताला ते लागत होतं.

वर येऊन मी फाइल उघडली. दांडा ज्या ब्रॅकेटांमध्ये धरलेला आहे ती ब्रॅकेटं अजिबात हलत नाहीत असं मी धरलं होतं. मधली दोन ब्रॅकेटं पातळ पत्र्यावर होती. ते धरून हिशेब पुन्हा केला, तेव्हा दांड्याची लवचीकता तिपटीच्या पुढे गेली. एका टोकाला कुलूप अडकलेलं असतानाही दुसऱ्या टोकाला हॅन्डल बसेल, एवढी. साडेपाच वाजले होते. तू खाली अजून जागा आवरत होतास, फोन केला असता तर दोन मिनिटांत वर आला असतास. मी संगणक बंद केला आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. समोरच्या पडद्यावर ग्राहक कंपनीचे लोक होते. विभागप्रमुखांनी विचारलं, "चाचणीची मांडणी कोणी केली?"

"मी, सर."

दांड्याच्या टोकाला लांबी कमीजास्त करायचा फिरकीचा जोड असतो, टर्नबकल. तो तू लावला होतास आणि तक्त्यावर सही तुझी होती. तो जोड लांब राहिला असेल तर कुलूप बसण्याआधी हॅन्डल बसू शकतं, असं ते म्हणाले. तू अडखळत, शब्द शोधत इंग्रजीत म्हणालास की सर, जोड बरोबर होता, कदाचित दांडा नरम असेल. मग तू माझ्याकडे बघितलंस. सगळ्यांनीच बघितलं.

मी म्हणाले, "गणित तपासलेलं आहे. भरपूर मार्जिन आहे."

तू हळूच, फक्त मला ऐकू येईल असं विचारलंस, "पक्कं का, पाटील?"

मी तुला अहिराणीत उत्तर दिलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाले, आपण मांडणीपुरतं बोलूया. तू मान खाली घातलीस.

का केलं, याचं उत्तर मी या दिवसांत पुष्कळदा शोधलं. त्या महिन्यात मला बढती मिळायची होती. गावात आमच्या अण्णांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी विमानं बनवते. हे सगळं खरं आहे, पण त्याखाली आणखी एक आहे. मला माहीत होतं की ते माझ्यावर विश्वास ठेवतील, तुझ्यावर नाही. तुझं इंग्रजी अडखळायचं. तुझ्या मागे आयटीआय होती, आणि तुझं आडनाव होतं. कॅन्टीनमध्ये एकजण तुझ्याबद्दल म्हणाला होता की असे लोक कसे येतात आम्हाला ठाऊक आहे. मी तेव्हा हसले नव्हते आणि मला ते मोठं वाटत होतं. पण मी जेवत राहिले. बैठकीत मला त्या माणसाचाच उपयोग झाला, रायसिंग. त्याने जी जमीन करून ठेवली होती तिच्यावर मी उभी राहिले.

पुढच्या आराखड्यात मी दांडा जाड केला आणि ब्रॅकेटांखाली पट्टी घातली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, उत्पादनाच्या सोयीसाठी. चाचणी दुसऱ्याने केली. आठव्या हुकाआड ठोकळा होता आणि हॅन्डल अर्ध्यात अडकलं, कितीही ओढलं तरी बसेना. सगळ्यांनी हस्तांदोलन केलं. तो दरवाजा आज जो उडतो आहे, तो तुझ्यामुळे धड आहे. कागदावर मात्र तुझं नाव एकाच ठिकाणी होतं, सदोष मांडणी या शब्दांच्या पुढे.

तुला कागदपत्रांच्या विभागात बसवलं. तुझ्यासारख्या माणसाला दिवसभर फायलींना नंबर घालायला लावले. चौथ्या महिन्यात तू राजीनामा दिलास. मी तुला बसपर्यंत सोडायला आले होते. पिशवी खाली ठेवून तू म्हणालास, "मन्हा हात चुकना व्हई, पाटील. मी लई विचार करा. दुसरं काय ऱ्हाई?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. कोणी ऐकत नव्हतं, बैठक संपून चार महिने झाले होते, माझी बढतीही झाली होती. मी म्हणाले, "होतं असं कधी कधी." चूक माझी होती आणि क्षमा मी तुला केली.

नंतर तू धडगावला आयटीआयमध्ये कंत्राटावर शिकवायला लागलास. सुट्टीच्या दिवशी नर्मदेच्या पाण्यावर जाऊन बोटींची इंजिनं दुरुस्त करायचास. मणिबेलीकडच्या एका बोटीचा फोटो पाठवला होतास. इंजिन उघडलेलं, तू ग्रीसने माखलेला, मागे नुसतं पाणी. मला बरं वाटलं. तुझं चाललंय छान, असं मी स्वतःला सांगितलं. तो फोटो मी किती दिवस औषधासारखा वापरला.

तीन वर्षांनी तुझा मेसेज आला. "त्या टेस्टमध्ये टर्नबकलचे किती आटे मी बाहेर ठेवले होते, तुला आठवतं का? जुनी वही सापडली. वहीत तर बरोबर आहेत."

मी उत्तर दिलं, "सोड ना ते जुनं."

तू लिहिलंस, "हो. बरोबर."

त्यानंतर तुझे फोन कमी झाले, आणि जे आले तेही मी बरेचदा घेतले नाहीत. गेल्या महिन्यात स्क्रीनवर तुझं नाव आलं. तुझं नाव होतं म्हणून मी उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. तिकडून बाईचा आवाज होता. "ताई, मी जमना. रायसिंगची बायको." सकाळी छातीत दुखतंय म्हणालास, जीप निघाली, आणि घाट उतरून व्हायच्या आत तू गेलास. तिने तुझ्या फोनमधल्या सगळ्यांना एकेक करून कळवलं. माझं नाव तू अजून 'पाटील कॉलेज' असंच ठेवलं होतंस म्हणे.

त्यानंतरच्या दोन दिवसांत मी वरिष्ठांना लिहिलं. फाइलच्या जुन्या प्रती जोडल्या, त्यावर ती साडेपाचची वेळ अजून होती. तूर्तास माझी सही कुठल्याही आराखड्यावर चालत नाही, चौकशी सुरू आहे. अहवालातली ओळ त्यांनी दुरुस्त केली. मूळ मांडणी निर्दोष होती, असं आता तिथे लिहिलेलं आहे. हे मी धैर्याने केलं असं कोणी समजू नये. तू होतास तोवर माझ्याने ते झालं नाही. तुझ्या डोळ्यांना डोळा देण्याची वेळ टळल्यावर झालं.

मग मी शहाद्याहून जीपने वर आले. पुढच्या सीटवर बसले होते. ड्रायव्हरने विचारलं, कुणाकडे. तुझं नाव सांगितल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "सरांनी मन्ही गाडीनं इंजिन बांधं. पाच साल झायात, काहीच तक्रार नई. पन ब्रेकले हात नई लावेत."

"का?"

"माले म्हने, ब्रेकनं काम दुसराकडे ने. मन्हा हातवर भरोसा नको ठेवू."

त्यानंतरची वळणं मला दिसली नाहीत.

जमनावहिनी अंगणवाडीतून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं. मी ब्रेकचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ते तसेच होते, ताई. एक नट तीन-तीनदा बघायचे. कधी कधी मला अंगणवाडीतून हाक मारून बोलवायचे, हा घट्ट आहे का बघ म्हणून. मला नटातलं काय कळणार? मी हो म्हणायचे. मग त्यांना रात्री झोप लागायची."

वर्कशॉपमध्ये डोळे मिटून माप सांगणारा तू. मी तुझी नोकरी घालवली असं मला वाटत होतं, तेवढंच ओझं मी सात वर्षं उचललं होतं. तुझ्याकडून खरं काय गेलं होतं, ते मला तुझ्या ओट्यावर बसून कळलं.

तुझे बाबा खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. गणित, साडेपाचची वेळ, बैठक, बसस्टँड. मी मराठीत सांगत होते आणि वहिनी त्यांना पावरीत सांगत होत्या. मी पंधरा मिनिटं बोलले असेन. वहिनींनी ते चार वाक्यांत सांगितलं. त्यातलं एक वाक्य बोलताना त्यांचा आवाज बदलला, ते माझ्याबद्दलचं असावं.

बाबांनी एक प्रश्न विचारला. वहिनींनी माझ्याकडे न बघता तो मला सांगितला. "विचारतात, तो होता तेव्हा का नाही आलात?"

मी म्हणाले, "भीती वाटली."

"कोणाची?"

रायसिंग, मला नाव घेता येईना. तिथे कोणीच नव्हतं ज्याची भीती वाटावी. मी म्हणाले, "माझीच. माझं नाव जाईल याची."

वहिनींनी ते सांगितलं. बाबा अंगणाकडे वळले. मग सावकाश काहीतरी बोलले. वहिनींनी आधी माझा रिकामा पेला उचलला. मी म्हणाले, वहिनी, असेल तसं सांगा.

"म्हणतात, पोराचा हात चुकत नाही हे आम्हाला माहीतच होतं. ते सांगायला तुम्हाला एवढं वर यायची गरज नव्हती." पेला त्यांनी खाली ठेवला. "म्हणतात, त्याला माहीत नव्हतं."

मी रडले नाही. तिथे रडणं म्हणजे त्या दोघांकडून आणखी काहीतरी मागून घेणं झालं असतं. वहिनी आत गेल्या, चुलीचा आवाज आला. थोड्या वेळाने बाबा माझ्याकडे वळले आणि वहिनींची वाट न बघता, मला थेट कळावं म्हणून, मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाले, "जेवनी का?"

मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी आत हाक मारली. वहिनींनी ताट आणलं, ज्वारीची भाकरी आणि उडदाची दाळ. नको म्हणायला तोंड नव्हतं. बाबा समोर बसून होते, माझं होईपर्यंत उठले नाहीत. मी मान वर न करता ती सगळी भाकरी खाल्ली.